थोडंसं म्हणजे किती

"नातेवाईकांनी लाल पट्टीच्या अलीकडे थांबायचं," परिचारिका तिला म्हणाली, आणि ते ऐकून तिने मागे वळून पाहिलं, कोण नातेवाईक आलेत ते बघायला. मागे फक्त जावई होता. एका पायात बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात, शर्टाच्या बाहीवर वाळत आलेली लाळ, आणि लेकीची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला की नातेवाईक म्हणजे आपणच. सगळं आयुष्य ती असल्या पट्ट्यांच्या पलीकडे वावरली होती. तिच्या स्वतःच्या रुग्णालयातली पट्टी तर तिनेच आखून घेतली होती, रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून, कारण नातेवाईक आत घुसतात आणि कामात पायात पाय येतात. पट्टीला अलीकडची बाजूही असते हे तिला ठाऊक होतं. तिथे उभं राहिलं की फरशी अशी तिरकी लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. 'मी डॉक्टर आहे' असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तोंडातून आलं, "मी आई आहे तिची." "हो ना, म्हणून तर," परिचारिका म्हणाली. पोरगी तरुण होती, आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट मायाच होती. "बसा तिथे. लागलं तर बोलावते." दाराची दोन्ही कवाडं एकमेकांवर आपटून, हलत हलत थांबली. आत एका ट्रॉलीचं चाक कुरकुरलं आणि त्या आवाजावरून ट्रॉली कुठल्या दिशेला वळली तेही तिला कळलं. एवढं कळत होतं आणि तरी काहीच कळत नव्हतं.

सकाळी ती एका मोठ्या सभागृहात बोलत होती. तिच्या मागच्या पडद्यावर एकच शब्द होता, थोडंसं, आणि समोरचे लोक हसत होते, कारण तो शब्द पडद्यावर आला की लोकांनी हसायचं हे आता ठरूनच गेलं होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. 'जावई' असं दिसलं. तिने तो बंद केला. तो पुन्हा थरथरला, आणि जावई हा असा माणूस की एकदा उचलला नाही तर संध्याकाळपर्यंत पुन्हा करणार नाही. तिने समोरच्या लोकांना हाताने थांबा म्हटलं. "आई," तो म्हणाला, "तिला झटका आला. सगळं अंग... डोळे असे वर... आई, आम्ही गाडीत आहोत." मागे कुणीतरी घोरल्यासारखा आवाज करत होतं. तो आवाज तिने किती वेळा ऐकला होता. झटका येऊन गेल्यावर गरोदर बाई असाच श्वास घेते, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना नक्कल करून दाखवायची. आणि आता तो श्वास तिच्या लेकीचा होता. तिने माईक टेबलावर ठेवला, तो गडगडत खाली पडला, आणि कानठळ्या बसवणारा आवाज झाला तरी तिने मागे पाहिलं नाही. टॅक्सीत बसल्यावर तिला वाटलं होतं की आता डोकं चालायला लागेल, पुढे काय काय करायला हवं ते आपोआप ओळीने उभं राहील. तसं झालं नाही. डोक्यात लेकीचा कालचा फोन तेवढा वाजत होता.

'थोडंसं' या शब्दाचं आणि तिचं वैर जुनं. शिकत होती तेव्हा, अगदी नवी असताना, वॉर्डात एक बाई होती, बाळंत होऊन बाळाला कुशीत घेऊन पडलेली. चेहरा हसरा. वरिष्ठ डॉक्टर फेरीला आले, त्यांनी दारातूनच विचारलं, काय, अंगावरून जातंय का? बाई म्हणाली, "थोडंसं." डॉक्टर पुढे गेले. त्यांच्या मागून चालणाऱ्या घोळक्यात सगळ्यात शेवटी ही होती. बाईने तिला हळूच खूण करून बोलावलं आणि म्हणाली, ताई, जरा पांघरूण सरळ करता का, पाय गार पडलेत. तिने पांघरूण उचललं. गादीने सगळं पिऊन टाकलं होतं. वरून दिसत नव्हतं एवढंच. ती ओरडली, धावाधाव झाली, सगळे हात त्या बाईवर आले, पण उशीर झाला होता. बाईच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत एक ओशाळलेपण होतं, आपल्यामुळे एवढ्या लोकांना त्रास झाला म्हणून. त्या ओशाळलेपणाचा तिला जो राग आला तो आयुष्यभर पुरला. पुढे ती संशोधनात पडली ती त्या रागापोटी. बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या घरी जायची. घरचे लोक पाणी देत, बाळ दाखवत, आणि ती विचारायची, शेवटच्या दिवसांत काय म्हणत होती हो? नवरा आठवून सांगायचा, सासू सांगायची, शेजारीण सांगायची. थोडंसं डोकं दुखतंय म्हणत होती. पाय थोडेसे सुजले होते. थोडंसं अंगावर जात होतं पण कामं करत होती. घर गरिबाचं असो की दिवाणखान्यात पियानो असलेलं, शब्द तोच. एखादी मेलेली बाई 'खूप' म्हणालेली तिला भेटलीच नाही.

त्यावर तिने निबंध लिहिला, तो पुष्कळ वाचला गेला, आणि मग तिने आपल्या वॉर्डातून त्या शब्दाची हकालपट्टी केली. कुणी उच्चारायचा नाही. बाईने उच्चारला तर तिथेच थांबायचं आणि विचारायचं, थोडंसं म्हणजे किती? उठून चालता येतं का? नजरेसमोर चमकतं का? पॅड किती बदलले? नेमकं उत्तर हाताला लागेपर्यंत सोडायचं नाही. ज्युनियर मंडळींनी तिचं नाव 'किती मॅडम' पाडलं. तिला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं, पण आवडल्याचं तिने दाखवलं नाही. चहात साखर थोडीशी घाल म्हणाली की पोरं गंभीर चेहऱ्याने विचारायची, थोडीशी म्हणजे किती, मॅडम? हातातली कामं संपत नसताना आणखी एखादी केस आली की मागून कुणीतरी म्हणायचं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, आणि दुसरा म्हणायचा, हळू, थोडं म्हणू नकोस, मॅडम ऐकतील. तिच्या वॉर्डात बायका मरायच्या थांबल्या असं नाही. पण कमी मेल्या. ते कमी म्हणजे किती हे तिने मोजलं होतं, आणि त्याचंच आज ती सभागृहात सांगत होती.

बाकावर जावई तिच्याशेजारी बसला होता, दोघांच्या मध्ये पर्स. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. त्याला काहीतरी धीराचं बोलावं असं तिला वाटलं. धीराची वाक्यं तिला पाठ होती, ती कशी बोलायची याचे तिने वर्गच घेतले होते. खाली बसून बोला, उभ्याने नको. आधी माहीत असलेलं सांगा, मग माहीत नसलेलं. 'काळजी करू नका' असं कधीही म्हणू नका. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काळजी करू नकोस." तो मान हलवत राहिला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा पुढे जाण्याआधी क्षणभर मागे सरकत होता. सेल संपत आलाय, कुणीतरी बदलायला हवा, असं तिला वाटलं, आणि एवढ्यात आपल्याला घड्याळाचा सेल कसा सुचतो याची तिला शरम वाटली.

दार उघडून चिमणी बाहेर आली. चिमणी म्हणजे तिचीच विद्यार्थिनी. अंगाने एवढीशी आणि आवाजही चिवचिवाटासारखा, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. आता ती इथली मुख्य होती, आणि लेकीने बाळंतपणासाठी स्वतःहून हिच्याकडे नाव घातलं होतं. चिमणी आली ती सरळ तिच्यासमोर खाली बसली, उभ्याने बोलली नाही. आपणच शिकवलेलं आपल्यावर चालवलं जात होतं. "मॅडम," चिमणी म्हणाली, "आत आल्यावर आणखी एक झटका आला. आता थांबलाय. झटके थांबवायला मॅग्नेशियम सुरू केलंय, बीपी खाली आणतोय. जरा स्थिर झाली की बाळ काढून घेऊ. बाळाचे ठोके आहेत." माहीत असलेलं आधी. मग चिमणीने विचारलं, "मागच्या आठवड्यात तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. डोकं दुखत होतं का तिचं? कधीपासून?" जावयाने मान खाली घातली. तो काही बोलण्याआधी ती बोलली. "काल दुपारी. फोनवर म्हणाली मला. थोडंसं."

शब्द बाहेर पडला आणि तिथेच हवेत राहिला. चिमणीच्या ओठांपर्यंत प्रश्न आलेला तिला दिसला. सवय अशी असते की ती माणूस बघत नाही. "थोडंसं म्हणजे कि..." असं म्हणून चिमणी थांबली. तिचा चेहरा एकदम शाळकरी पोरीसारखा झाला, कान लाल झाले. "सॉरी, मॅडम." "विचार ना," ती म्हणाली, "बरोबर विचारतेयस." चिमणी खाली मान घालून बसली. मग फार हळू आवाजात तिने विचारलं, "म्हणजे किती, मॅडम?" हे तिने स्वतः विचारलंच नव्हतं. एवढ्या बायकांना विचारलं, मेलेल्या बायकांच्या नवऱ्यांना विचारलं, परक्यांच्या उंबरठ्यावर बसून विचारलं, आणि पोटच्या पोरीला विचारलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचा अर्धा भाग तिने मनातही म्हटला नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली. चिमणी उठली, तिच्या खांद्याला हात लावावा की नाही असं तिचं झालं, आणि न लावताच ती आत गेली.

काल दुपारी ती आपल्या खोलीत आजच्या भाषणाची तयारी करत होती. समोरच्या पडद्यावर तोच शब्द उघडा होता, अक्षराचा आकार वाढवावा की राहू द्यावा असं चाललं होतं. लेकीचा फोन आला. लेक अशी मधल्या वेळेला, काही कारण नसताना फोन करत नाही, म्हणून तिला फार बरं वाटलं. खुर्ची वळवून तिने पाय लांब केले. "काय करतेयस गं?" "काही नाही. पडलेय. डोकं थोडंसं दुखतंय." "उन्हातून फिरली असशील. पड जरा. गरम चहा करून घे." "पायपण सुजलेत थोडेसे. चपला होईनात." "माझ्या घाल," ती म्हणाली, "माझे पाय हत्तीचे, तूच म्हणतेस ना." लेक हसली. दोघी हसल्या. मग बाळाच्या नावाचं निघालं, जावयाला सुचलेली नावं किती वाईट आहेत त्याचं निघालं, पाळणा खिडकीशी ठेवावा की दाराशी याचं निघालं. फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ तशीच बसून होती, इतकी ती सुखात होती. नंतर खुर्ची पुन्हा वळवली तर पडद्यावर शब्द होता. तिने अक्षराचा आकार वाढवला आणि दिवा मालवून घरी गेली. डोकं, पाय, नववा महिना. तिच्या वॉर्डातल्या झाडूवालीनेही हे ऐकून बाईला उठवून आणलं असतं. ती मात्र हत्तीच्या पायांवर हसली.

ती विसरली नव्हती, हे खरं. विसरली असती तर बरं झालं असतं. तिने शब्द दिला होता. दिवस गेल्याचं सांगायला लेक आली तेव्हाच तिने आईचे दोन्ही हात धरून कबूल करून घेतलं होतं. "तुझ्याकडे नाव घालणार नाही मी. तिथे मी केस होईन. चिमणीकडे जाईन, ती बघेल काय बघायचं ते. तू फक्त आई व्हायचं. एवढे महिने. जमेल?" "न जमायला काय झालं?" "किती विचारायचं नाही." "नाही विचारणार." "एकदासुद्धा नाही." "अगं नाही म्हटलं ना, कानाला खडा." आणि तिने तो पाळला. सुरुवातीला जीभ चावावी लागायची. उलट्या होतात म्हटलं की 'दिवसातून कि...' इथपर्यंत यायचं आणि ती गिळायची. पुढे पुढे ते सोपं झालं, आणि मग त्याची गोडीच लागली. वजन, बीपी, रक्त यांतलं काही न विचारता लेकीशी बोलता येतं, आणि लेक बोलते, हे तिला या वयात कळलं होतं. कुणाला दिलेला शब्द तिने आयुष्यात इतका मनापासून पाळला नव्हता. त्याचं हे झालं. यात चूक नेमकी कुठे बसते ते ती शोधत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिचं बोट त्या दुपारच्या हसण्यावर जाऊन थांबत राहिलं.

लहानपणी लेकीला लागायचं फार. धडपडी होती. एकदा जिन्यावरून पडली आणि कपाळाला खोक पडली, तेव्हा ती बाबांकडे गेली, आईकडे नाही. बाबा तिला मांडीवर घेऊन फुंकर घालत बसले. ही घरी आली, तिने पोरीला दिव्याखाली नेलं, डोळ्यांत प्रकाश टाकला, विचारलं, कधी पडलीस? उलटी झाली का? बोटं किती दिसतायत? लेकीने सगळी बोटं बरोबर मोजली. मग म्हणाली, "झालं? जाऊ आता बाबांकडे?" त्या वेळी तिला हसू आलं होतं. बाबा म्हणाले होते, "अगं, तिला फुंकर हवी असते." "फुंकरीने जंतू जातात जखमेत," ती म्हणाली होती, आणि बरोबरच होतं ते. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फुंकर घालणारं घरात कुणी उरलं नव्हतं. ती समोरच्या घड्याळाकडे बघत होती आणि कपाळावरची ती खोक, ती डावीकडे होती की उजवीकडे, हे तिला आठवेना. टाके किती होते ते आठवत होतं.

"आई," जावई म्हणाला. तिला वाटलं तो त्याच्या आईला हाक मारतोय, मग कळलं, आपल्यालाच. "माझं चुकलं. मी कालच तुम्हाला सांगायला हवं होतं. रात्रभर झोपली नाही ती. डोकं धरून बसली होती. पहाटे म्हणाली डोळ्यांपुढे अंधारतंय. मी म्हटलं, आईंना फोन करतो. तर फोन काढून घेतला माझ्या हातातून." "का?" तिने विचारलं. त्याने मांडीखालून हात काढून पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. "सांग रे." "ती म्हणाली, खूप दुखतंय असं सांगू नकोस. खूप म्हटलं की आई डॉक्टर होते. थोडंसं म्हटलं की..." तो अडखळला. "थोडंसं म्हटलं की आई आईच राहते. काल किती छान बोलली म्हणे माझ्याशी. ते तसंच राहू दे. परवा तपासायला जायचंच आहे, तेव्हा सांगू चिमणी डॉक्टरांना. असं म्हणाली." तो रडायला लागला, मोठ्याने, पुरुष रडताना चेहरा लपवतात तसा न लपवता. "हसत होती हो तुमच्या चपलांवर. मला सांगून सांगून हसत होती."

तिला रडू आलं नाही. इतकी वर्षं ती त्या शब्दाच्या मागे लागली होती. बाया अज्ञानी असतात म्हणून म्हणतात, भिडस्त असतात म्हणून, सासूला घाबरतात म्हणून. कारणं तिने शोधली होती, निबंधात लिहिली होती, त्यांच्यावर उपाय सुचवले होते. आपण जवळ बसावं, हसावं, उठून दुसरीकडे जाऊ नये, एवढ्यासाठीही कुणी दुखणं कमी करून सांगत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. ती ओशाळी बाई, पांघरुणाखालची, तिला दारातून पुढे जाणारे डॉक्टर दिसत होते, आणि म्हणून तिने ताईला पांघरूण सरळ करायला बोलावलं होतं. रक्ताबद्दल ती ताईलाही काही बोलली नाही. पाय गार पडलेत म्हणाली. आणि आपल्या लेकीला पाय लांब करून गप्पा मारणारी आई एकदाची मिळाली होती, ती तिला घालवायची नव्हती. आईला टिकवायला तिने जीव पणाला लावला. "मी कधी गं अशी..." ती स्वतःशी पुटपुटली. जावयाच्या बाहीवरचा डाग तिने आपल्या रुमालाने पुसला. तो वाळला होता, निघाला नाही, तरी ती पुसत राहिली.

मग आत हालचाल झाली. पावलं वाढली, कुणीतरी रक्त मागवलं, लिफ्टचं दार उघडून बंद झालं. प्रत्येक आवाजाचा अर्थ तिला येत होता आणि प्रत्येक अर्थाला दोन तोंडं होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची सून आत होती. त्यांनी तिला विचारलं, "तुमचं कोण?" "लेक." "होईल हो सगळं ठीक. इथले डॉक्टर चांगले आहेत," ते म्हणाले, आणि तिने अगदी कृतज्ञतेने मान हलवली, जणू हे तिला कुणी अधिकारी माणसाने सांगितलं होतं. थोड्या वेळाने आतून रडणं आलं. बारीक, चिडकं, मध्येच थांबून पुन्हा लागणारं. जावई ताडकन उभा राहिला. ती बसूनच राहिली. बाळ रडलं म्हणजे आईचं काही कळत नाही, हे ती पक्कं जाणून होती. म्हातारे गृहस्थ टाळी वाजवून म्हणाले, "सुटली बघा तुमची लेक!" सुटली. हा आणखी एक शब्द, बाळंतीण झाली तरी तोच आणि गेली तरी तोच. तिने डोळे मिटून घेतले आणि दार उघडायची वाट पाहिली.

चिमणी आली. टोपी हातात, कपाळावर तिचा वळ. या वेळी ती खाली बसली नाही, उभीच राहिली, आणि उभी आहे म्हणजे बरं आहे असं तिने मनात धरलं. "थोडक्यात वाचली, मॅडम," चिमणी म्हणाली. थोडक्यात म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. चिमणीच्याही ते लक्षात आलं असावं. ती एकदम बोलायला लागली, मुलगी आहे, लहान आहे पण रडतेय चांगली, काचेच्या पेटीत ठेवलंय. "मॅडम, एक मात्र आहे. शुद्धीवर येतेय, पण तिला दिसत नाहीये. मेंदूला सूज आहे. नजर येईल परत. बहुतेक." "माहीत आहे," ती म्हणाली. तिला माहीत होतं. किती जणांना तिने हेच सांगितलं होतं, ह्याच स्वरात, आणि बहुतेकांची नजर परत आलीही होती. 'बहुतेक' हा शब्द तिने आपल्या वॉर्डात चालू ठेवला होता, तेवढी त्याला सूट दिली होती. "भेटू का?" तिने विचारलं. "तुम्ही काय विचारता, मॅडम!" चिमणी म्हणाली. पण ती लाल पट्टीपाशी थांबली, आणि चिमणीने हात धरून तिला पलीकडे घेतलं.

दारात त्याच तरुण परिचारिकेने तिच्या हातांवर जंतुनाशक ओतलं. तिने ते चोळलं, नखांच्या कडेने, मनगटापर्यंत. खोलीत पडदे ओढलेले होते. लेकीचा चेहरा सुजून परका झाला होता, पापण्या जाड, ओठ मध्ये फाटलेला, तिथे दात लागला असणार. औषध जास्त तर होत नाहीये ना हे बघायला परिचारिकेने छोट्या हातोडीने लेकीच्या गुडघ्यावर हलकेच मारलं, पाय उडाला, आणि ती समाधानाने बाहेर गेली. कपाळावरचा जुना व्रण डावीकडे होता. तो तिने बघितला आणि स्टूल ओढून बसली. आवाजाने लेकीची मान वळली. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे, तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, बघत होते. तिने हात पुढे केला. लेकीने त्याचा वास घेतला, जंतुनाशकाचा.

"कोण?" लेकीने विचारलं. जीभ जड होती. "डॉक्टर का?"

"नाही गं," ती म्हणाली. "आई."

"आई." हात चाचपडत आला, तिने तो पकडला. "दिवे का नाही लावले कुणी?"

"लावतील. तुझे डोळे दमलेत. सूज उतरली की दिसेल."

"बाळ?"

"आहे. मुलगी आहे. भांडखोर आहे, रडतेय नुसती."

लेकीच्या फाटलेल्या ओठावर हसू आलं, मग कपाळ आक्रसलं, आणि बोटं आईच्या हातात आवळली गेली. तिने ते पाहिलं. हातातून तिला ते कळलं.

"डोकं दुखतंय?"

लेकीचे आंधळे डोळे जागच्या जागी हलले. "थोडंसं," ती म्हणाली.

खोलीत कुठेतरी थेंब पडत होता, एकसारखा. तिने वाकून लेकीच्या कपाळावर, त्या व्रणावर, फुंकर घातली. फुंकर कशी घालायची हे तिला नीट येत नव्हतं, जरा जोरातच झाली. मग तोंड तसंच तिच्या कानाशी ठेवून तिने विचारलं, "थोडंसं म्हणजे किती, बाळा? शब्द मोडला बघ मी. पण जात नाहीये कुठे. इथेच बसलेय."

लेकीचा ओठ थरथरला, लहानपणी रडू येण्याआधी थरथरायचा तसा. "खूप," ती म्हणाली. "आई, खूप दुखतंय. कालपासून खूप दुखतंय."

"बरं," ती म्हणाली. डावा हात लेकीच्या हातात तसाच ठेवून तिने उजव्या हाताने उशाशी चाचपलं, घंटा सापडली, आणि दार उघडेपर्यंत ती दाबून धरली.